काशीरामच्या पंचवीस सह्या

धवलने स्वतःच्या हाताने चहा आणून माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. एकोणीस वर्षं मी चारकोपच्या या गोदामात माल पाठवायचं काम बघते. या एकोणीस वर्षांत मॅनेजर कोणीही असो, चहा मला उठून आणावा लागलाय, आणि तोही बहुतेक वेळा गार. आज मात्र मालकांचा हा पुतण्या, वय वर्षं चौतीस, कपाखाली बशी धरून उभा होता. बशीत दोन बिस्किटंसुद्धा होती.

"पद्मजाताई, टेन्शन घेऊ नका हं," तो म्हणाला. "शुक्रवारी त्या वकील बाई येतील, दोन-चार प्रश्न विचारतील, विषय संपला."

मी टेन्शन घेतलेलं नव्हतं. म्हणजे घेतलं होतं, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नव्हतं. मग याला कुठे दिसलं?

मी संशयी आहे, हे आधीच कबूल करते. विद्याधर, माझा नवरा, म्हणतो की दूधवाल्याने वेळेवर दूध टाकलं तरी मी पिशवी उलटीपालटी करून बघते. बघतेच. बघायला काय जातंय? पण या वेळी माझा संशय उगाच नव्हता, कारण एक माणूस हॉस्पिटलात पडला होता आणि त्याच्या मोडलेल्या पायाला कोणाची सही कारणीभूत, हे शुक्रवारी ठरणार होतं.

झालं होतं ते असं. आमच्या गोदामातून छापखान्यांना कागदाची रिळं जातात. एकेक रीळ आठशे किलोचं. ट्रकमध्ये ती आडवी ठेवायची, लोळू नयेत म्हणून प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकायच्या आणि वरून पट्टे आवळायचे. आठ रिळांना सोळा पाचरी. गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, आमचा ट्रक आठ रिळं घेऊन मुलुंडला निघाला आणि पवईला, उतारावरच्या वळणावर, मागची रिळं सुटली. एक रीळ बाजूची फळी फोडून रस्त्यावर आलं आणि तिथे उभ्या असलेल्या रिक्षावर चढलं. रिक्षावाला पलीकडच्या गाडीवर वडापाव खात होता म्हणून वाचला. ट्रक कलंडला, आणि आमचा ड्रायव्हर सहदेव याचा डावा पाय केबिनमध्ये चेपून दोन ठिकाणी मोडला.

पोलिसांनी गुन्हा सहदेववर नोंदवला. बेदरकारपणे गाडी चालवली म्हणून. त्याचं लायसन्सही काढून घेतलं. सहदेव सव्वीस वर्षं ट्रक चालवतोय आणि दुसरं त्याला काही येत नाही. गुन्हा शाबीत झाला तर त्याचा धंदाच बसला.

एरवी प्रकरण इथेच मिटलं असतं. ड्रायव्हरवर ढकललं की सगळे सुटतात, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. पण ज्या कंपनीचा तो माल होता, तिच्याशी दीड वर्षापूर्वी आमचा नवा करार झाला होता. त्यांचं ऑफिस पवईला, मालक परदेशातले. त्या करारात एक कलम होतं, जबाबदारीच्या साखळीचं. ट्रकला काही झालं तर एकट्या ड्रायव्हरला धरायचं नाही. माल कोणी भरून घेतला, निघायची वेळ कोणी ठरवली, मंजुरी कोणी दिली, सगळ्यांना धरायचं. त्यासाठी प्रत्येक फेरीला तपासणीचा एक कागद आणि त्यावर चार सह्या. माल भरून घेणारा काशीराम, वेळ ठरवणारी मी, मंजुरी देणारा धवल आणि शेवटी ड्रायव्हर. हे समजावायला त्यांच्या वकील बाई आल्या होत्या, ऋता नावाच्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. "कायदासुद्धा नुसता गाडी चालवणाऱ्याला धरत नाही, चालवायला लावणाऱ्यालाही धरतो," असं त्या म्हणाल्या होत्या. आम्ही समोसे खाल्ले, माना डोलावल्या आणि कामाला लागलो.

त्या गुरुवारच्या कागदावर चारही सह्या होत्या. 'पाचरी ठोकल्या, पट्टे ताणून पाहिले' याच्यापुढे काशीरामची सही अगदी ठसठशीत. फक्त काशीराम त्या दिवशी कणकवलीजवळ आपल्या गावी, घरच्या गणपतीसमोर बसलेला होता.

हे कसं घडतं, ते कोकणातल्या माणसांबरोबर काम केलेल्या कोणालाही सांगावं लागणार नाही. गणपतीला आमचं अर्धं गोदाम रिकामं होतं. रजा मिळो न मिळो, नोकरी राहो न राहो, ही माणसं जाणारच. काशीराम जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडे येतो, कोरे कागद मागून घेतो आणि खाली बसून सह्या करतो. "तुमचा अडू नये म्हणान," असं म्हणतो. पूर्वी तो कोऱ्या गेटपासवर करायचा. यंदा तपासणीच्या पंचवीस कागदांवर केल्या. मी ते कागद माझ्या खणात ठेवले आणि लागेल तसा एकेक काढून बाकीचं भरत गेले. यात काही वाईट आहे असं ना त्याला वाटलं, ना मला. गावाला जाणाऱ्या बाईने घरच्यांसाठी चार दिवसांची भाजी करून ठेवावी, तसं ते होतं.

म्हणजे त्या कागदावर सही काशीरामची आणि बाकी सगळं अक्षर माझं. ती बिस्किटं बघून मला संशय का आला, ते आता लक्षात येईल.

आणि एक गोष्ट तर मी विद्याधरलासुद्धा सांगितली नव्हती. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. त्या गुरुवारी दुपारी विसर्जन होतं आणि मला दोनच्या आत बोरिवलीला घरी पोचायचं होतं. धवलने सकाळी केबिनमधून फोन केला की छापखाना थांबलाय, तेवढी एक गाडी काढा आणि जा. अवजड गाड्यांची सकाळची बंदी उठल्याशिवाय ट्रक सुटणार नव्हता, आणि दुपारी विसर्जनाचे रस्ते बंद व्हायच्या आत तो मुलुंडला पोचायला हवा होता. माल भरायला बदली माणसं आली होती. साडेअकराला सहदेव माझ्या खिडकीशी आला, हातात तो कागद.

"बाई, काशीरामदादा दिसले नाहीत," तो म्हणाला. "पाचरी कोणी बघितल्या?"

मी पर्समध्ये डबा कोंबत होते. "सही आहे ना त्यांची? मग झालं तर. निघ रे बाबा, नाहीतर अडकशील."

त्याने सहीकडे पाहिलं, खाली आपली सही केली आणि निघाला. बस, एवढंच बोलणं. पण शुक्रवारी सहदेवने ते कोणाला सांगितलं, तर चालवायला लावणारी बाई कोण ते शोधायला वकील लागणार नव्हता.

तेव्हा चहा आल्यापासून मी डोळ्यात तेल घालून सगळ्यांकडे बघू लागले. संध्याकाळी घरी जाताना खणाला कुलूप घातलं. एरवी मी ते घालत नाही, किल्ली टेबलावरच्या पेनांच्या डब्यात असते. ती घरी नेली. घरी विद्याधर म्हणाला, "तू जेवताना कोणाशी बोलतेयस?" मी कोणाशी बोलत नव्हते. ऋताबाईंना द्यायची उत्तरं पाठ करत होते.

बुधवारी काशीराम गावाहून आला. आला तो सरळ धवलच्या केबिनमध्ये. दार बंद. मी समोरच बसते, त्यामुळे घड्याळ बघायला कोणाची परवानगी लागत नाही. चाळीस मिनिटं. काशीराम बावीस वर्षांत कोणत्याच मॅनेजरच्या केबिनमध्ये पाच मिनिटांहून जास्त बसलेला नाही, कारण त्याला एसी सोसत नाही. बाहेर आला तो मान खाली घालून. मग पिशवीतून खाजं काढून सगळ्यांना वाटत सुटला. दरवर्षी पहिली पुडी माझी असते. या वेळी मी सगळ्यांत शेवटी.

"बाईनू, खाजा घेवा," म्हणाला, पण बघत होता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"काशीराम, चाळीस मिनिटं काय चाललं होतं आत?"

"काय नाय."

"त्या गुरुवारच्या कागदाबद्दल बोलणं झालं ना? तू गावाला होतास, हे सांगितलंस?"

तो पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलला. "मी हयच होतंय, बाईनू. दुसऱ्या दिवशी गेलंय."

मी हबकलेच. चतुर्थीला सकाळी याने मला गणपतीचा फोटो पाठवला होता. मखराशेजारी हा स्वतः उभा, अंगात नवा सदरा. फोटो अजून माझ्या फोनमध्ये होता. आणि हा माणूस माझ्या तोंडावर सांगत होता की मी इथेच होतो.

"काशीराम, मी आंधळी आहे का?"

"माका काय विचारू नका. सायबांनी सांगितल्यानी, गप ऱ्हवा." एवढं बोलून तो मालाच्या धक्क्याकडे निघून गेला.

मी खण उघडला. पंचवीसमधले सहा कागद वापरले होते, म्हणजे एकोणीस उरायला हवे होते. एकही नव्हता. कुलूप जसंच्या तसं. दुसरी किल्ली कोणाकडे असते? मॅनेजरकडे. आता मात्र माझी खात्रीच पटली. काशीराम म्हणणार, मी इथे होतो, मी सगळं नीट बघितलं, बाईंनी घाई करून गाडी काढायला लावली. धवल म्हणणार, मला काही कल्पना नाही. कोऱ्या सह्यांचा पुरावा नाहीसा. उरले कोण? मी आणि माझं अक्षर. यांनी माझी पद्धतशीर वाट लावायची ठरवली होती.

मी रडणाऱ्यातली नाही. चिडले की मी मोजते. त्या गुरुवारी सकाळीच सुताराने चाळीस नव्या पाचरी आणून दिल्या होत्या. चलन मीच घेतलं होतं. आधीच्या संपल्या होत्या, आणि अपघातानंतर त्या कंपनीने माल थांबवल्यामुळे एकही रीळ बाहेर गेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत मी धक्क्यावर गेले, पाचरींचं पोतं जमिनीवर ओतलं आणि मोजल्या. एकतीस. परत मोजल्या. एकतीसच.

म्हणजे ट्रकमध्ये नऊ गेल्या होत्या. सोळाच्या जागी नऊ. बदली माणसांनी पुढच्या चार रिळांना आठ ठोकल्या असतील आणि मागच्या चारांत मिळून एक. मग कोणीतरी चहाला बोलावलं असेल. काशीराम असता तर त्याने एकेका पाचरीवर लाथ मारून बघितली असती, तशी त्याची सवयच आहे. त्या दिवशी तिथे फक्त त्याची सही होती.

मी पाचरी परत पोत्यात भरल्या. हात काळे झाले होते. मला एवढंच दिसत होतं की हा आकडा माझ्याकडे आहे आणि यांच्याकडे नाही. कधीतरी उपयोगी पडेल, असं माझ्या मनात आलं. सहदेवच्या उपयोगी पडेल असं आलं नाही. माझ्या.

गुरुवारी धवलने मला केबिनमध्ये बोलावलं. मी तयारीनेच गेले, फोनमध्ये काशीरामचा फोटो उघडून. पुन्हा चहा आला.

"ताई, सगळं सेट केलंय," धवल म्हणाला. "काशीरामची रजा आपण शुक्रवारपासून दाखवतोय. त्या आठवड्यात अंगठ्याचं मशीन बंदच होतं, हजेरी हातानेच लिहिली होती. उरलेले सह्यांचे कागद मी फाडून टाकलेत. म्हणजे कागद खरा, सही खरी, तपासणी झाली. तुम्ही सेफ, काशीराम सेफ, मी सेफ. कॉन्ट्रॅक्टपण राहतं."

मी फोन पालथा ठेवला. दोन दिवस मला वाटत होतं की हे सगळे मिळून मला अडकवतायत. हे तर मला वाचवत होते. चहा, बिस्किटं, काशीरामचं ते खोटं, सगळं माझ्यासाठी चाललं होतं.

आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटलं आणि मी बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

"आणि सहदेव?" मी विचारलं.

"त्याचा प्रॉब्लेमच नाही. त्याने पोलिसांना स्वतःच सांगितलंय, चूक माझी, वळण मी जोरात घेतलं. लेखी आहे." धवलने चहाचा कप बाजूला सारला. "फक्त एक. कॅमेऱ्यात दिसतंय, निघायच्या आधी तो तुमच्या खिडकीशी उभा होता. आवाज नाहीये त्यात. काय बोलणं झालं ते मी विचारत नाही, ताई. पण आज जरा त्याला भेटून या. तो तसलं काही बोलणार नाही ना, तेवढं बघा."

हायसं वाटलेलं एका क्षणात गेलं. कोणता माणूस आपण होऊन चूक माझी म्हणतो? तेही लेखी? सव्वीस वर्षांचा ड्रायव्हर, समोर लायसन्स कायमचं जायची वेळ, आणि हा म्हणतो मी जोरात होतो? नक्की याला कोणीतरी काहीतरी कबूल केलं असणार. धवलने? की त्या वकील बाईंनी काही वेगळाच डाव टाकला होता? की सहदेव आज चूक माझी म्हणून उद्या खिडकीशी झालेल्या बोलण्यावरून मला यात ओढणार होता? मी बस पकडून घाटकोपरला निघाले, ती आजाऱ्याला भेटायला नाही. त्याच्या पोटात काय आहे ते काढायला निघाले.

सहदेव त्याच्या घराजवळच्या हॉस्पिटलात होता, पुरुषांच्या वॉर्डात, खिडकीकडच्या कॉटवर. पाय वर बांधलेला. त्याची बायको जानकी स्टुलावर बसली होती. मला बघून ती उठली नाही. तिने मला आधी चपलांपासून केसांपर्यंत बघून घेतलं. नंतर माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. तिची नजर मी ओळखली. मी तशीच बघते.

"बाई, तुम्ही कशाला त्रास घेतलात?" सहदेव उठायची धडपड करू लागला.

"पडून राहा रे." मी कॉटच्या कडेला टेकले आणि सरळ विचारलं. मला आडवळणं जमत नाहीत. "सहदेव, तू पोलिसांना चूक माझी असं का लिहून दिलंस? कोणी सांगितलं तुला?"

"कोण सांगणार? माझीच आहे."

"तू जोरात होतास?"

कपाळावरचा घाम त्याने चादरीला पुसला. "तेच आठवतोय, बाई. पहिल्या दिवशी वाटत होतं की तिसऱ्या गियरवर होतो. अगदी शंभर टक्के वाटत होतं. मग विचार केला, तिसऱ्यावर असतो तर माल सुटलाच नसता ना. म्हणजे चौथ्यावर असणार. दिवसभर तेच वळण घेत बसतो. आता तर मला चौथाच गियर आठवतोय."

"पाचरींबद्दल नाही आलं तुझ्या मनात?"

"पाचरी होत्या ना." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारलं होतं. "काशीरामदादांची सही होती. तुम्हीच दाखवलीत की. त्यांनी बघितलेला माल आजवर कधी इंचभर हललेला नाही. त्यांच्या सहीनंतर माल सुटला म्हणजे चूक गाडी चालवणाऱ्याची. दुसरं कोण असणार?"

मी या माणसाच्या पोटात शिरून डाव शोधायला आले होते. धवलचा संशय घेतला, काशीरामचा घेतला, त्या वकील मुलीचा घेतला, याचाही घेतला. आणि हा सात दिवस कॉटवर पडून फक्त स्वतःचा संशय घेत होता. इतका, की त्याने स्वतःची आठवणसुद्धा बदलून टाकली होती. मला माझी लाज वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

गप्प बसून उठले असते तरी चाललं असतं. धवलने सांगितलेलं काम आपोआप झालं होतं. हा खिडकीबद्दल बोलणारच नव्हता, कारण खिडकीशी काही चुकलं असं त्याला वाटतच नव्हतं.

"सहदेव," मी म्हटलं, "काशीराम त्या दिवशी गावाला होता."

"आँ?"

"चतुर्थीच्या दोन दिवस आधी गेला तो. सही आधीच करून ठेवली होती, कोऱ्या कागदावर. तशा पंचवीस होत्या. त्यातला एक मी भरला. पाचरी कोणीही बघितल्या नव्हत्या. मी काल मोजल्या, सोळाच्या जागी नऊच गेल्या. तू मला विचारलंस आणि मी न बघता तुला जा म्हणाले, कारण मला विसर्जनाला घरी पोचायचं होतं."

तो कोपरावर रेलून माझ्याकडे बघायला लागला. शेजारच्या कॉटवरचा म्हाताराही बघायला लागला.

"म्हणजे मी तिसऱ्यावरच होतो?" सहदेवने विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार. पण मागच्या चार रिळांना मिळून एक पाचर होती. कुठल्याही गियरवर ती सुटलीच असती."

त्याने डोळ्यांवर हात घेतला आणि तो रडायला लागला. आवाज न करता, पाय हलू नये म्हणून अंग आवरून. मी हात पुढे केला, पण जानकी मध्ये आली.

"तुम्हाला कोणी पाठवलं?" ती म्हणाली.

"आमच्या साहेबांनी."

"हे सांगायला?"

"नाही. हे सांगू नये म्हणून."

"मग आता काय? इथे सांगितलंत, उद्या तिकडे नाही म्हणाल. आमच्याकडे काय पुरावा?" तिने माझा दंड धरला. "चला बाहेर. कोणाला फोन करायचाय तो माझ्यासमोर करा."

ती मला ओढतच व्हरांड्यात घेऊन आली. ऋताबाईंचा नंबर माझ्याकडे होता, तपासणीचे कागद आम्ही त्यांनाच पाठवायचो. जानकीने स्पीकर लावायला लावला. मी सगळं सांगितलं. कोऱ्या सह्या, फाडलेले कागद, बदललेली रजा, पाचरींचा आकडा, खिडकीशी झालेलं बोलणं. ऋताबाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

"पद्मजाताई, तुम्हाला कळतंय ना, यात तुमचं नाव येणार?" शेवटी त्या म्हणाल्या. "नुसतं आमच्या चौकशीत नाही. पोलिसांनाही हे द्यावं लागेल."

"कळतंय. पहिलं माझंच घ्या. मग धवल, मग काशीराम. काशीरामशी मी बोलेन, त्याच्याने खोटं रेटवत नाहीये, मी बघितलंय. फोटोही पाठवते."

"आणि सहदेवचं नाव मला काढता येणार नाही. त्यांचीही सही आहे. निघण्याआधी स्वतः बघणं हे त्यांचंही काम होतं."

जानकीची माझ्या दंडावरची पकड घट्ट झाली.

"काढू नका," मी म्हटलं. "पण त्याच्या नावापुढे लिहा, की चौघांत याने एकट्यानेच विचारलं होतं."

पलीकडून काही लिहिल्याचा आवाज आला. "लिहिलं," ऋताबाई म्हणाल्या. "उद्या हेच सही करून द्यावं लागेल."

"देईन. पण वाचून मग करेन."

फोन ठेवल्यावर जानकीने माझा दंड सोडला. तिथे तिची बोटं उमटली होती. ती आत गेली आणि मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. घरी विद्याधरला काय सांगायचं, या वयात पोलीस चौकीत बसायचं कसं, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मला भीती वाटली. तरी एकदा सहदेवला सांगून निघावं म्हणून मी उठले आणि वॉर्डाच्या दारापर्यंत गेले.

जानकी दारातच आडवी आली. तिच्यामागून मला कॉट दिसत होती. सहदेवचं तोंड उघडं पडलं होतं आणि तो घोरत होता.

"सात दिवसांत पहिल्यांदा झोपलेत," ती हळू आवाजात म्हणाली. "उठवू नका. आणि बाई, आता परत येऊ नका."

मी बरं म्हटलं आणि जिना उतरले.